द्राक्षांच्या गावाला : आगगाडी, मोटार की विमान?

आमच्या घरात प्रवासाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न पैशाचा असतो, दुसरा रजेचा आणि तिसरा आईच्या गुडघ्यांचा. २०२४ च्या फेब्रुवारीत नागपूरहून नाशिकला जायचे ठरले तेव्हा त्यात चौथ्या प्रश्नाची भर पडली. जायचे कशाने? आगगाडीने, दादाच्या मोटारीने, की विमानाने? आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. त्या आठ दिवसांत आम्ही जो हिशेब मांडला तो इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे. पण आई नाशिकला का निघाली हे आधी सांगितले पाहिजे. त्याशिवाय आम्ही कोणती गाडी निवडली आणि का, हे कळणार नाही.

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. आमच्या घराण्यातली ती पहिली एम.एस्सी. वर्षभर तिने नागपुरात नोकरी शोधली. शेवटी मिळाली ती नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या एका वाईनच्या कारखान्यात. पगार बरा, काम प्रयोगशाळेतले. पेढे वाटायचे की नाही याचा विचार चालू होता तेवढ्यात आई म्हणाली, "या घरात तुह्या आज्यानं बाटली आणली होती. आता तू नको आणू."

आमचे वडील मिलमध्ये होते. पगाराचा दिवस आला की आई मिलच्या फाटकावर जाऊन उभी राहायची, आणि तरी अर्धा पगार गुत्त्यात जायचा. वडील गेले तेव्हा मी नववीत होते. आईने विड्या वळून आम्हा दोघांना शिकवले. १९५६ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, ती आपल्या वडिलांबरोबर बैलगाडीने दीक्षाभूमीवर आली होती. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक प्रतिज्ञा आहे. आईसाठी ती पाठ करायची ओळ नाही, तिच्या संसाराची जखम आहे. म्हणून तिचे बोलणे कडक होते, पण खोटे नव्हते. भाचीने काही उत्तर दिले नाही. ती नोकरीवर गेली आणि दोन चौदा एप्रिल घरी आली नाही.

जानेवारीत एक दिवस आई आपणहून म्हणाली, "मले पोट्टीकडे ने." का, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

नाशिक म्हणजे काय

नाशिक म्हटले की आपल्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. २ मार्च १९३० ला तो सुरू झाला आणि पुढे पाच वर्षे त्याची धग राहिली. त्या सत्याग्रहात बाबासाहेबांचा उजवा हात असलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. आज तोच दिंडोरी तालुका आणि शेजारचा निफाड तालुका द्राक्षांसाठी देशात ओळखला जातो. पिंपळगाव बसवंत, ओझर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव दिसतात.

खायची द्राक्षे वेगळी आणि वाईनची वेगळी, हे मला तिथे गेल्यावर कळले. खायच्या द्राक्षाला पातळ साल लागते आणि बी नको असते. वाईनचे द्राक्ष बारीक असते, त्याची साल जाड असते आणि आत बिया असतात. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि त्यानंतर नाशिककडे वाईनचे कारखाने वाढले. विंचूरला तर त्यासाठी वेगळी औद्योगिक वसाहतच झाली. जानेवारी ते मार्च हा वाईनच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. बाहेरगावचे लोक या दिवसांत मळे पाहायला येतात, कारखान्यांत फिरतात, थोडी थोडी वाईन चाखतात. आम्हाला चाखायचे काही नव्हते, आम्हाला माणूस भेटायचे होते. पण रस्ता दोघांचा एकच.

तीन वाहनांचा हिशेब

विमानाचे नाव पहिल्यांदा भाच्याने काढले. तो भाचीचा मोठा भाऊ, हैदराबादला नोकरी करतो. "आत्या, आजीचं अन् तुझं तिकीट मी काढतो," तो फोनवर म्हणाला. नाशिकचे विमानतळ शहरात नाही. ते ओझरला आहे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. १९६४ पासून तिथे लढाऊ विमानांचा सरकारी कारखाना आहे आणि त्याच्याच धावपट्टीवर प्रवासी विमाने उतरतात. नागपूरहून ओझरला थेट विमान २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाले होते. हवेतला वेळ थोडाच. पण विमानतळावर निदान दीड तास आधी पोहोचायचे, सामान द्यायचे, तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, उतरल्यावर सामानाची वाट पाहायची आणि मग ओझरहून पुढे रिक्षा नाहीतर टॅक्सी. घरापासून घरापर्यंत सहा तास धरावेत. पैसे माणशी चार-पाच हजार, तेही महिनाभर आधी काढले तर. सामान मोठ्या बॅगेत १५ किलो आणि हातात ७ किलो.

मोटारीचे नाव दादाने काढले. त्याने जुनी मोटार घेतली आहे आणि समृद्धी महामार्गाचे त्याला भारी कौतुक. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. आम्ही निघालो तेव्हा रस्ता इगतपुरीच्या अलीकडे भरवीरपर्यंत खुला होता. (पुढे ५ जून २०२५ ला तो मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण झाला, एकूण ७०१ किलोमीटर.) नाशिकसाठी सिन्नरजवळ उतरायचे आणि तीसेक किलोमीटर मागच्या रस्त्याने जायचे. आमच्या घरापासून सारे मिळून सवासहाशे किलोमीटर. दादाची गाडी लिटरला पंधरा देते. म्हणजे बेचाळीस लिटर पेट्रोल, साडेचार हजारांच्या आसपास. टोल हजाराच्या आसपास. (२०२५ च्या एप्रिलपासून टोल वाढून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे झाला, तेव्हा हिशेब त्याप्रमाणे वाढवून घ्यावा.) चौघे बसले तर माणशी चौदाशे पडतात. दोघेच बसले तर तो खर्च माणशी दुप्पट होतो. मोटारीचा हिशेब डोक्यांवर ठरतो, हे लक्षात ठेवावे.

पण आईचे गुडघे त्या हिशेबात बसत नव्हते. नऊ तास एका जागी पाय मुडपून बसणे तिला जमत नाही. त्या वेळी समृद्धीवर पेट्रोलपंप होते, पण चहापाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय फार कमी होती. म्हाताऱ्या माणसाला दर दोन तासांनी उतरावे लागते, हे तरुण माणसाच्या ध्यानात येत नाही. शिवाय १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. ती बातमी आई विसरली नव्हती.

राहिली आगगाडी. नागपूरहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस निघते, पण ती नाशिकरोडला अपरात्री पोहोचवते. म्हाताऱ्या माणसाला घेऊन अंधारात कुठे उतरणार? रात्री नऊच्या सुमारास सेवाग्राम एक्स्प्रेस निघते आणि सकाळी नाशिकरोडला सोडते. स्लीपरचे भाडे माणशी चारशेच्या आतबाहेर, थ्री-टियर एसीचे हजाराच्या थोडे वर. पूर्वी ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि परत आली नाही. त्याचा राग घरातल्या सगळ्यांना आला, पण आईला पाठ टेकून झोपता येईल, पाय लांब करता येतील, उठून चार पावले चालता येतील आणि डब्यातच संडास असेल, हे दुसऱ्या कोणत्या वाहनात मिळणार? तिकीट काढताना वय नीट लिहावे. ४५ वर्षांवरच्या स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो.

गाठोडे

हा सगळा हिशेब मी वहीत लिहिला आणि आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "विमानात माह्यं गाठोडं नेऊ देतात का?"

गाठोडे म्हणजे जुन्या लुगड्यात बांधलेले एक मोठे बोचके. कोपऱ्यात दोन वर्षांपासून पडलेले. मी उचलून पाहिले. एका हाताने उचलेना.

"त्यात काय आहे?"

"आहे माह्यं काही. सोडू नको."

"आई, विमानात वजन करतात. उघडून पाहतात."

"मग नाही. मोटारीत?"

"दादाच्या गाडीत मागे त्याची स्टेपनी आहे, वहिनीच्या बॅगा राहतील, अन् त्याची..."

"मग आगगाडीच. आगगाडीत कोणी पाह्यत नाही का कोणाच्या गाठोड्यात काय आहे."

आठ दिवसांचा वाद असा एका वाक्यात संपला. आई आणि मी सेवाग्रामने जायचे, दादा-वहिनी दोन दिवसांनी मोटारीने यायचे आणि परतीला आम्हाला घेऊन यायचे असे ठरले. भाचा म्हणाला, मग मीही हैदराबादहून विमानाने दोन दिवसांसाठी येतो, तिथून ओझरला विमान आहे. तिन्ही वाहने एकाच घरातून निघाली, निराळ्या दिशांनी आणि निराळ्या दिवशी.

मनमाडच्या पुढे

रात्री वर्धा, बडनेरा, अकोला अशी स्टेशने गेली. अकोल्याला आई जागी होती. भुसावळला गाडीने बराच वेळ घेतला. त्या दिवशी गाडी पाऊण तास उशिराने धावत होती. मी चिडले. पण त्या उशिरानेच आमचे काम केले. वेळेवर असती तर मनमाडनंतरचा पट्टा आम्ही अर्धवट झोपेत पार केला असता.

मनमाडला चांगले उजाडले होते. तिथे एक बाई डब्यात चढल्या, चाळिशीच्या, हातात स्टीलचा डबा. "नाशिकरोडपर्यंत बसू द्या, मावशी," म्हणाल्या. आईने पाय आवरून जागा दिली. त्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जात होत्या. पॅकहाऊस म्हणजे जिथे परदेशी पाठवायची द्राक्षे निवडतात, तोलतात आणि खोक्यात भरतात. गाडी लासलगाव, निफाडकडे निघाली आणि बाहेर मांडव सुरू झाले. तारांवर चढवलेले वेल, खाली सावली, सावलीत वाकलेल्या बाया. एका बांधावर जीप उभी होती आणि तिच्यातून वीसेक माणसे उतरत होती.

"हे कुठले लोक?" आईने विचारले.

"सुरगाण्याकडचे, पेठकडचे. आदिवासी आहेत. हंगामाला येतात. छाटणीला येतात, विरळणीला येतात, तोडणीला येतात." मग त्या बाईंनी बोटाने खुणा करून विरळणी समजावून दिली. घड कोवळा असताना त्यातले जादा मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर हात वर करून. संध्याकाळी मान खाली होत नाही.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिने मला किंवा दादाला कधी विचारला नसता. "दारूच्या कारखान्यातही बाया असतात का?"

"असतात की. निवडायला, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला, धुवायला. शिकलेल्या पोरीपण असतात आता. पांढरा कोट घालून."

"त्या पेत असतील?"

बाई हसल्या. "मावशी, मी दिवसाला शेकड्यांनी किलो द्राक्षं हाताळते. घरी पोरांना नेते ती बाजूला काढलेली. हाताखालून जातं ते सगळं तोंडात जातं का?"

आई काही बोलली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली. नाशिकरोडला उतरताना मी गाठोडे उचलू लागले तर त्या बाईंनी एक बाजू धरली. नाव विचारायचे राहून गेले. विमानात अशी बाई शेजारी बसली नसती, आणि मोटारीत तर आम्हीच आमच्या शेजारी असतो.

पांढरा कोट

भाची स्टेशनवर आली होती. दोघींनी एकमेकींना "जय भीम" केला आणि पुढे दिवसभर कामापुरते बोलल्या. तिची खोली दिंडोरी रोडला आहे. आईने गाठोडे पलंगाखाली सरकवले आणि सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने कारखाना दाखवायला नेले. फाटकाशी आई थबकली. मला वाटले, मिलचे फाटक आठवले. मग ती आत गेली. चाखायचा दालनाकडे ती फिरकली नाही आणि भाचीनेही तिकडे नेले नाही. मागच्या बाजूला द्राक्षांचे क्रेट उतरत होते. पहाटेच्या गारव्यात तोडलेली काळी बारीक द्राक्षे. बाया पट्ट्यावरून पाने आणि सडके मणी काढत होत्या. भाचीने एक मणी आईच्या हातावर ठेवला. "खा आजी, हे नुसतं द्राक्ष आहे."

आईने खाल्ला. "हा तं बाजारच्या द्राक्षापेक्षा गोड आहे."

"गोडच लागतो. जितकी साखर, तितकी पुढं दारू होते. यीस्ट साखर खातो अन् तिची दारू करतो." तिने खिशातून एक लहान नळी काढली, तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकला आणि आईला डोळा लावून पाहायला सांगितले. आत आकड्यांची पट्टी आणि निळी-पांढरी सीमा दिसते. सीमा जिथे असेल तितकी साखर. "हे माझं काम, आजी. साखर मोजणं, आंबटपणा मोजणं. चाखायचं काम दुसऱ्यांकडं आहे. लागल्या दिवशीच मी साहेबांना सांगितलं, मी चाखणार नाही. ते थुंकतात, पण मी तेही नाही करत."

"हे तू फोनवर काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

दोन वर्षे त्या एका वाक्यापाशी अडली होती. आईने तिच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "पण बनते तं दारूच ना. कोणाच्या तरी घरी जातेच."

भाचीने वाद घातला नाही. "हो आजी," ती म्हणाली, "मलाही रात्री तोच विचार येतो. बुद्धांनी जे व्यापार करू नका म्हटलं, त्यात मद्याचा आहे, मला ठाऊक आहे. बेदाण्याच्या अन् रसाच्या कारखान्यांत अर्ज करून ठेवले आहेत. पण शिक्षणाचं कर्ज फिटेपर्यंत ही नोकरी मी सोडणार नाही. हे तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. पण मी पेते असं समजू नका."

आईने मान हलवली. पटले म्हणून हलवली की ऐकले म्हणून, ते मला सांगता येत नाही. बाहेर पडताना दुकानात बाटल्यांच्या किमती दिसल्या. एका बाटलीची किंमत क्रेटपाशी उभ्या असलेल्या बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी होती. आईने ती मजुरी आधीच विचारून घेतली होती. "पेणाऱ्याले परवडते, तोडणाऱ्याले नाही," इतकेच ती म्हणाली. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा ज्या मातीत शिकला, त्याच तालुक्यात आम्ही उभे होतो. मांडवाखालचे बहुतेक हात आजही दुसऱ्याच्या जमिनीवरच चालतात.

त्या रात्री आईने गाठोडे सोडले. आत एक जाड वाकळ होती, वडिलांच्या धोतराची आणि आईच्या लुगड्यांची, निळ्या दोऱ्याने शिवलेली. भाची नोकरीवर निघाली तेव्हाच ती शिवून झाली होती, दिली नव्हती. वाकळीत गुंडाळलेल्या कुरडया, सांडगे आणि तिखटाचा डबा. "नाशिकले थंडी असते म्हणतात," आई म्हणाली. भाची वाकळीत तोंड घालून रडली. मी चहा करायला उठले.

तिघांची भेट

दोन दिवसांनी दादा-वहिनी आले. पहाटे पाचला निघून दुपारी दोनला पोहोचले. दादा खूश होता, पण त्याची कंबर धरली होती, आणि वहिनी म्हणाल्या, "रस्ता सुरेख, पण पाहायला काही नाही. सरळच सरळ. झोप येते." दादाने दर दोन तासांनी थांबायचे आणि रात्री चालवायचे नाही हे दोन नियम पाळले. टायरची हवाही निघताना तपासून घेतली, कारण काँक्रीटवर वेगाने टायर तापतात. हे तिन्ही नियम समृद्धीवर जाणाऱ्या प्रत्येकाने पाळावेत.

भाचा त्याच संध्याकाळी ओझरला उतरला. लहान पंख्यांचे विमान. तो म्हणाला, वरून मांडव हिरव्या चटयांसारखे दिसतात आणि मधूनमधून प्लास्टिक अंथरलेली शेततळी चमकतात. माणसे मात्र दिसत नाहीत. त्याची रजा दोनच दिवसांची होती. विमान नसते तर तो आलाच नसता, हेही खरे.

सगळे मिळून त्रिरश्मी लेण्यांना गेलो. या डोंगरावर चोवीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत आणि शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. आई वर चढली नाही, पायथ्याच्या बुद्धविहारात बसली. भाची तिच्यापाशी थांबली. आम्ही खाली आलो तेव्हा दोघी कर्जाचे किती हप्ते उरले ते मोजत होत्या.

परतीचा प्रवास मोटारीने. दादाने पुढची जागा मागे सरकवून आईला पाय लांब करता येतील असे केले. आम्ही सिन्नरकडून न जाता निफाड, विंचूरच्या रस्त्याने येवल्याला गेलो. येवल्यातच १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तिथल्या मुक्तिभूमीवर आई बराच वेळ बसली. आगगाडीने आलो असतो तर येवला राहिले असते, कारण नाशिक-नागपूरची गाडी तिथून जात नाही. पुढे वैजापूरजवळ समृद्धीला लागलो.

शेवटचा हिशेब

आता कोणी मला विचारले की नाशिकला कशाने जावे, तर मी असे सांगेन. घरात म्हातारे माणूस असेल, सामान जड असेल आणि पैसे मोजके असतील तर रात्रीची आगगाडी. तिकीट लवकर काढा; आता साठ दिवस आधीपासूनच मिळते. चार-पाच जण असाल आणि येवला, वेरूळ अशी वाटेवरची ठिकाणे पाहायची असतील तर मोटार, पण दिवसाउजेडी. रजा कमी असेल आणि कोणी वाट पाहत असेल तर विमान. त्यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही. वाईन चाखायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा धरणार नाही तिथे झाड धरते.

वाहन कोणते हे तासांवरून ठरवू नका. घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला काय न्यायचे आहे, ते आधी विचारा. आमच्याकडे ते गाठोडे होते.

जालन्याच्या पुढे दादाने चहासाठी गाडी थांबवली. आई उतरली, गुडघे चोळले आणि आभाळात एक विमान जात होते त्याच्याकडे पाहत म्हणाली, "आता तं गाठोडं खाली झालं. येताना विमानानंही चाललं असतं."

यंदाच्या चौदा एप्रिलला भाची घरी येणार आहे. तिकीट तिने आगगाडीचे काढले आहे. म्हणते, सामान आहे.